नव्या ट्रॅक्टरचे एंजिन तेल गळते काय?

मुंबईच्या उपनगरातील कांदिवली हे नाव महाराष्ट्रातील ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यास अपरिचित नाही. 1963 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचे बी-275 ट्रॅक्टर तेथूनच खेडोपाडी गेले. आज कारखाने पुष्कळ झाले आहेत. परंतु ट्रॅक्टर कोणत्याही कारखान्याचा असो, कर्ज काढून आणलेल्या नव्या यंत्राखाली तेलाचा डाग दिसला की घरात चिंता पसरते. कोणी लागलीच पाना घेऊन बोल्ट आवळू लागतो, तर कोणी 'नवीन आहे, चालायचेच' म्हणून दुर्लक्ष करतो. दोन्ही गोष्टी सारख्याच नुकसानीच्या आहेत.

प्रथम डाग कशाचा आहे हे ठरवावे. रात्री ट्रॅक्टरखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा व सकाळी पाहावे. डिझेलचा डाग पातळ पसरतो व वासावरून तत्काळ ओळखू येतो. गिअर पेटीचे तेल मधासारखे पिवळसर असते. एंजिनातील तेल मात्र थोड्याच तासांच्या कामाने काळे होते. कारखान्यात गंज चढू नये म्हणून भागांवर दिलेला मेणचट लेपही एंजिन तापल्यावर वितळून ओघळतो. ती गळती नव्हे.

डाग एंजिनाच्या तेलाचाच ठरल्यास उगम शोधावा. तेल खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून जेथे थेंब पडतो तेथे गळती असतेच असे नाही. एंजिन थंड असताना रॉकेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने ते स्वच्छ पुसून कोरडे करावे, संशयित सांध्यांवर खडूची भुकटी शिंपडावी व अर्धा तास ट्रॅक्टर चालवावा. मग एंजिन बंद करून सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा पाहावी. टॅपेट कव्हरचे गास्केट, तेलाच्या फिल्टरची बैठक, चेंबरचा निचरा बूच व त्याचा वायसर ही नेहमीची ठिकाणे होत. क्लचच्या कवचाच्या तळाशी मुद्दाम ठेवलेल्या भोकातून तेल येत असेल, तर एंजिनाचे मागील सील किंवा गिअर पेटीचे पुढील सील दोषी असू शकते. तेथे तेलाच्या रंगावरूनच निवाडा करावा लागतो.

पुष्कळदा दोष सांध्यात नसतोच. तेल खुणेच्या वर भरले किंवा ब्रीदरची नळी चिखलाने बुजली, तर एंजिनाच्या पोटात दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते. म्हणून सपाट जागी, एंजिन बंद केल्यानंतर दहा मिनिटांनी मापपट्टी पाहावी. तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली, तर तेलात डिझेल वा पाणी मिसळत असण्याचा संभव असतो. असे एंजिन चालूच करू नये, कारण पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करीत नाही.

सायलेन्सरच्या सांध्यांतून काळे चिकट ओघळ येणे, हा प्रकार विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नवा ट्रॅक्टर जपावा म्हणून काही शेतकरी तो तासन् तास रिकामा घुरघुरत ठेवतात. त्यामुळे एंजिन पुरेसे तापत नाही, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि तेल व अर्धवट जळलेले डिझेल धुराच्या वाटेने बाहेर पडते. येथे पान्याचे काही काम नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मध्यम भार देऊन काम घेतल्यास हे ओघळ बहुधा थांबतात.

बोल्ट जास्त आवळल्याने बुचाचे गास्केट चिरडते व पाझराची धार होते. शिवाय मालकाने एंजिन खोलल्यास हमीचा हक्क धोक्यात येतो. बूच सैल असल्यास तो बेताने घट्ट करण्यास हरकत नाही. हेड व सील यांस मात्र हात लावू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास तारीख, आवरमीटरवरील तास, मापपट्टीवरील पातळी व ओली जागा वहीत लिहून ठेवण्यास सांगावे, आणि विक्रेत्याकडे तक्रार लेखी देऊन तिची पोच घेण्यास लावावे. नुसता ओलसरपणा पहिल्या मोफत तपासणीपर्यंत थांबू शकतो, मात्र तोवर पातळी रोज पाहावी. थेंब सतत पडत असल्यास तपासणीची वाट पाहू नये. तेलाच्या दाबाचा दिवा काम चालू असताना लागला, तर ट्रॅक्टर जेथे असेल तेथेच, नांगर तासात असला तरी, तत्क्षणी बंद करावा.