पिवळं दिसलं की सोनकी नव्हे!

दसऱ्याच्या आधी लवळ्याला वन्संकडे गेले होते. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारिंगी-पिवळी फुलं नुसती डोलत होती. "वहिनी, सोनकी बघा किती फुललीय! बी न्या, कुंडीत लावा," वन्सं म्हणाल्या. मी रुमालात बी बांधलंसुद्धा. मग पान पाहिलं नि थबकले.

सोनकी बुटकी, जेमतेम गुडघ्याएवढी. पान अखंड, कडेला दाते. हे झाड तर कंबरेला लागत होतं आणि पान झेंडूसारखं चिरलेलं! खरी खूण मात्र बियांत. सोनकीचं बी पांढऱ्या केसांच्या झुपक्यावर वाऱ्याने उडतं. माझ्या रुमालातलं काळपट, सुईसारखं लांब होतं.

मैत्रिणींनो, हा कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा. हौसेने बागेत आणला नि कुंपणाबाहेर पळाला. (तसा आपला दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच, पण तो बिचारा शेतात राहतो.) सोनकी मात्र सह्याद्रीची लेक. कॉसमॉसची दाटी झाली, की तिला नि गवताला जागा कुठली? गाजरगवताचं आठवतं ना? १९५६ साली त्याची नोंद झाली ती पुण्यातच. नंतर ते देशभर झालं.

दारात कॉसमॉस असेल तर फुलं खुशाल फुलदाणीत ठेवा, पण बी धरण्याआधी झाड उपटा. वाळकी बोंडं उकिरड्यावर टाकू नका, तिथेच रुजतील.

वन्संच्या कुंपणालाही तोच होता, भाचीने लावलेला. तो उपटला, रुमालातलं बी चुलीत घातलं. भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.