सफाईच्या वेळी हिरड्यांतून रक्त का येते

दंतवैद्याकडे दातांची सफाई, म्हणजे स्केलिंग, करून घेताना हिरड्यांतून येणारे रक्त बहुतेक वेळा उपकरणाने झालेल्या जखमेचे नसते. हिरडीला अनेक आठवड्यांपासून, कधी वर्षानुवर्षे, सूज असते आणि उपकरणाच्या स्पर्शाने ती उघडकीस येते. हे ध्यानात न आल्यामुळे सफाईने हिरड्या दुखावतात आणि दात हलू लागून त्यांच्यात फटी पडतात, असे दोन समज घरोघर रुजलेले दिसतात. त्यांपायी माणसे सफाई टाळतात, आणि ज्या सुजेमुळे रक्त येते तीच सूज मग निर्वेधपणे वाढत राहते.

निरोगी हिरडी घट्ट असते आणि दाताच्या मानेला बिलगून बसलेली असते. तिचा रंग सामान्यतः फिकट गुलाबी असतो, पण सावळ्या वर्णाच्या माणसांत तिच्यावर तपकिरी किंवा काळसर छटा असणे अगदी स्वाभाविक आहे, त्याला आजार समजू नये. हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोलीची एक अरुंद खाच असते आणि रक्तस्रावाचे मूळ याच खाचेत आहे. दात कितीही नीट घासले तरी काही तासांत त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट, जवळजवळ रंगहीन थर पुन्हा बसू लागतो. या थराला प्लाक म्हणतात. नेदरलँड्समधील आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा असा थर आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात वळवळणाऱ्या जिवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले होते.

हा थर हिरडीच्या कडेला साचून राहिला की जिवाणूंनी सोडलेली द्रव्ये हिरडीच्या ऊतींत शिरू लागतात, त्यांचा प्रतिकार करण्यासाठी शरीर पांढऱ्या रक्तपेशी तिकडे धाडते, आणि त्या पेशींना वाट मिळावी म्हणून तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. हिरडी लाल, फुगीर आणि मऊ दिसते ती त्यामुळेच. त्याच काळात खाचेच्या आतल्या बाजूचे अस्तर पातळ होत जाते आणि त्यात जागोजागी बारीक व्रण पडतात. खाली रक्ताने तुडुंब भरलेल्या वाहिन्या आणि वर असे विरलेले अस्तर, अशा अवस्थेत ब्रशचे केस लागले किंवा खाचेची खोली मोजण्याची दंतवैद्याची बोथट सळई हलकेच फिरली तरी रक्त येते. हिरडीच्या या वरवरच्या सुजेला जिंजिव्हायटिस म्हणतात. ती सहसा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

जिवाणूंचा थर हेच या सुजेचे कारण आहे, हे डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात साफ करणे ठरवून थांबवले. १० ते २१ दिवसांच्या आत त्यांतील प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात सूज ओसरली. या विषयातील सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच मानावी लागेल, कारण या पायरीवर असलेला हिरड्यांचा आजार पूर्णपणे परत फिरवता येतो आणि तो परत फिरवण्याचे साधन प्रत्येकाच्या हातात असते.

मात्र थर दीर्घकाळ तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात साचून तो दगडासारखा कठीण होतो. हेच ते दातांवरचे कीटण. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, ते सर्वाधिक जमते. ब्रशने ते निघत नाही, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जिवाणूंचा नवा थर सहज धरतो, म्हणून ते अतिवेगाने कंप पावणाऱ्या स्केलरने किंवा हातातल्या उपकरणाने काढावे लागते. कीटण निघाल्यावर दातांमध्ये फटी दिसतात, कारण तोवर त्या कीटणाने भरलेल्या असतात आणि सुजलेली हिरडीही आक्रसून जागेवर येते. सफाईने तिथला दात झिजलेला नसतो. उलट सफाई टाळत राहिल्यास काही जणांत सूज खोल उतरते, खाचेचा खिसा होतो आणि दात धरून ठेवणारे हाड झिजते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हा आजार. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही.

घरच्या सफाईत सर्वांत घातक ठरते ती एक अगदी समजण्याजोगी प्रतिक्रिया: जिथून रक्त येते ती जागा माणूस ब्रश करताना सोडून देतो. थर तिथेच वाढतो, सूज तिथेच वाढते आणि पुढच्या वेळी रक्त अधिक येते. त्या जागी मऊ ब्रश हळुवारपणे, पण न चुकता, फिरला पाहिजे. न्यू ऑर्लिन्सचे वैद्य चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत यासाठी उपयोगी आहे. तीत ब्रशचे केस हिरडीच्या कडेशी सुमारे ४५ अंशांत तिरके टेकवून, टोके खाचेत किंचित शिरतील अशा बेताने, जागच्या जागी लहान हालचाली करतात. कडक ब्रशने जोर लावून आडवे घासल्याने हिरडी खाली सरकते. दोन दातांमधल्या जागेत नेहमीचा कोणताही ब्रश पोहोचत नाही, आणि सूज बहुधा तिथूनच सुरू होते, म्हणून रात्री फ्लॉसचा दोरा किंवा फट मोठी असल्यास दातांमधला बारीक ब्रश वापरणे आवश्यक ठरते. पहिले काही दिवस त्यानेही रक्त येईल, पण रोज नेमाने केल्यास बहुतेकांचे ते एक-दोन आठवड्यांत कमी होते. राखुंडी, कोळशाची पूड यांसारखी खरखरीत मंजने दातांची मुळे झिजवतात. क्लोरहेक्झिडिनच्या चुळा जिवाणू कमी करतात, परंतु त्या दीर्घकाळ घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, त्यामुळे दंतवैद्य त्या सहसा थोड्या दिवसांसाठीच देतात.

म्हणून सफाईची वेळ ठरली असेल तर त्याआधीचे दोन-तीन आठवडे अशी निगा राखल्यास खुर्चीत येणारे रक्त लक्षणीयरीत्या कमी होते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी रक्त गोठण्यावर परिणाम करणारी औषधे चालू असल्यास ती दंतवैद्याला आवर्जून सांगावीत, पण स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या धोक्यापुढे हिरडीचे थोडे रक्त फार किरकोळ आहे. मधुमेहाचा आणि हिरड्यांचा संबंध दुहेरी आहे: साखर वाढलेली असली की हिरड्यांची सूज बळावते आणि हिरड्यांचा गंभीर आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही. गरोदरपणी संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्या थरानेही सुजतात. त्या काळात सफाई निषिद्ध आहे हा समज चुकीचा असून मधले तीन महिने त्यासाठी विशेष सोयीचे असतात. स्पर्शही न होता हिरड्यांतून रक्त येत असेल, त्वचेवर निळे डाग उठत असतील किंवा अंगात ताप असेल, तर डेंग्यूमध्ये घटणाऱ्या प्लेटलेटांपासून रक्ताच्या कर्करोगापर्यंतची कारणे संभवतात आणि तपासणीसाठी आधी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

रक्त न येणे हेही नेहमी आरोग्याचे लक्षण नसते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, कारण तंबाखूच्या परिणामाने सुजेची ही खूण दबून जाते; आत हाड झिजत असताना हिरडी वरून शांत दिसते, आणि म्हणूनच अशा माणसांची तपासणी खिशांची खोली मोजल्यावाचून पुरी होत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी वापरतात ती मिश्री, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, हिरडीला थेट चोळली जाते. तिने दात बळकट होतात ही समजूत निराधार आहे आणि तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांना सांगून ठेवण्याजोगी एक गोष्ट अशी, की सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत हिरड्यांतून पूर्वीपेक्षा जास्त रक्त येऊ शकते. दबलेली खूण परत दिसू लागल्याचे ते चिन्ह आहे, सवय सोडल्याचा अपाय नव्हे. तेव्हा पुन्हा विडी पेटवण्याऐवजी सफाईची वेळ घेणे हेच योग्य.