सेमूर नॅरोजला घाई चालत नाही

आज कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इनसाइड पॅसेजबद्दल. इथं ट्रॉलर म्हणजे मासेमारीची नव्हे, राहायची सोय असलेली संथ बोट. वेग जेमतेम ७-८ नॉट.

व्हँकूव्हर बेटाचा आडोसा आहे, म्हणून मी आधी नकाशावर नुसती अंतरं मोजत बसलो. तिथंच चुकलं! सेमूर नॅरोजमध्ये भरती-ओहोटीचा प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो. समोरून आला तर बोट मागेच जाणार की! म्हणून आधी तक्त्यात प्रवाह थांबण्याची वेळ बघा, त्यावरून निघायची वेळ ठरवा.

मुक्कामाला नांगराची साखळी भरतीच्या खोलीवरून मोजून सोडा. ओहोटीला बोटीखाली पाणी उरेल ना, तेही तपासा. आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. समुद्र आपलं तिकीट बघत नाही.