जालपटल रक्तवाहिनी अवरोध
जालपटलाला (नेत्रगोलाच्या मागील प्रकाशसंवेदी पडद्याला) रक्त पुरविणारी रोहिणी किंवा तेथील रक्त परत नेणारी नीला बंद पडल्यामुळे होणारा विकार. यात दृष्टी बहुधा वेदनेशिवाय, एकाएकी मंदावते किंवा नाहीशी होते. विकार डोळ्यात दिसला, तरी त्याचे मूळ पुष्कळदा हृदयात, मानेतील रोहिणीत किंवा रक्तात असते.

मध्यवर्ती जालपटल रोहिणीच्या शाखा शेजारच्या वाहिन्यांना मिळत नाहीत. त्यामुळे ती बुजली की पर्यायी मार्ग उरत नाही. आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे या जर्मन नेत्रवैद्यांनी १८५९ मध्ये या अवरोधाचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णात हृदयाच्या अंतःस्तराचा दाह होता व तेथून सुटलेला अंतर्कील (रक्तप्रवाहातून वाहत आलेला कण) डोळ्यात अडकला होता. उतारवयात असा कण बहुधा मानेतील रोहिणीच्या भित्तीवर साचलेल्या मेदयुक्त थरातून सुटतो. तरुणांत हृदयाच्या झडपांचे विकार शोधावे लागतात. तपासणीत जालपटल पांढुरके व पीतबिंदूच्या मध्याशी लाल ठिपका दिसतो, कारण तेथे जालपटल अत्यंत पातळ असून मागील रक्तवाहिनीमय पटल त्यातून दिसते.

माकडांवरील प्रयोगांत सुमारे चार तासांच्या पूर्ण अवरोधाने जालपटलाची भरून न येणारी हानी झाली. तेव्हा रात्री दृष्टी गेली असता सकाळपर्यंत थांबणे घातक होय. डोळ्याचे मर्दन, नेत्रदाब उतरविणे इ. जुन्या उपायांचा निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही. काही मिनिटे अंधारी येऊन दृष्टी परत आली, तरी ती मस्तिष्काघाताची पूर्वसूचना असू शकते. बरे वाटले म्हणून रुग्ण नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. पन्नाशीनंतर कानशिले दुखणे व चावताना जबडा दुखणे ही लक्षणे सोबत असल्यास रोहिणीशोथाचा संशय घेऊन स्टेरॉइड औषधे तत्काळ देतात. एरवी दुसरा डोळाही जाण्याचा धोका असतो.

नीलेचा अवरोध अधिक आढळतो. जालपटलात रोहिणी नीलेला ओलांडते तेथे दोहोंचे आवरण एकच असते. अतिरिक्त रक्तदाबाने कठीण झालेली रोहिणी नीलेला दाबते, प्रवाह मंदावतो व रक्त गोठते. मधुमेह, काचबिंदू व रक्त सहज गोठण्याची प्रवृत्ती ही इतर कारणे होत. पीतबिंदूला आलेली सूज नव्या वाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांची अंतःक्षेपणे नेत्रगोलात देऊन उतरविता येते. तीव्र अवरोधात काही महिन्यांत कनीनिकेवर नव्या वाहिन्या वाढून वेदनायुक्त काचबिंदू उद्भवू शकतो. म्हणून त्या काळात वारंवार तपासणी करतात.