सांगाड्यांची ती खडखडती चाल

‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ हा 1963 सालचा चित्रपट. त्याच्या शेवटाकडे कोल्किसचा राजा हायड्रा या अनेक तोंडांच्या राक्षसी सर्पाचे दात जमिनीवर फेकतो आणि माती फोडून सात सांगाडे उभे राहतात. हातात ढाली-तलवारी, समोर जेसन आणि त्याचे दोन साथीदार. मग जी तुंबळ झुंज होते, ती आजही अंगावर काटा आणते. संगणकाचा तिच्याशी काही संबंध नाही.

ही किमया रे हॅरीहाउझन यांची. 1933 साली, शाळकरी वयात त्यांनी ‘किंग काँग’ पाहिला आणि बाहुल्या हलवून त्या पडद्यावर जिवंत करण्याचं वेड लागलं ते कायमचं. हे सांगाडेही बाहुल्याच, जेमतेम वीतभर उंचीचे, आत धातूचे हलते सांधे. आधी तलवारबाजांना सांगाड्यांच्या जागी उभं करून तालीम झाली. मग ते बाजूला झाले आणि नटांनी नुसत्या हवेशी लढाई केली, प्रत्येक वार ठरलेल्या जागी अडवत.

पुढचं काम हॅरीहाउझन यांचं एकट्याचं. नटांचं चित्रण मागून पडद्यावर टाकायचं, तेही एका वेळी एकच फ्रेम. पुढे ठेवलेल्या बाहुल्या केसभर हलवायच्या, कॅमेऱ्याची एक फ्रेम घ्यायची, की पुन्हा पहिल्यापासून. नटाची तलवार हवेत जिथे थांबली, नेमकी तिथेच बाहुलीची ढाल यायला हवी. डोकं, दोन हात, दोन पाय धरले तर सात सांगाड्यांचे 35 अवयव, आणि तेवढे सगळे दर फ्रेमला हलवायचे! दिवसाकाठी सरासरी 13 फ्रेम होत. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम सरकतात, म्हणजे दिवसभर राबून हाती येई अर्ध्या सेकंदाची लढाई. हे काम साडेचार महिने चाललं.

तरीही सांगाडे हलताना किंचित झटके देतात. माणूस हात फिरवतो, तेव्हा कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच्या सेकंदाच्या साधारण 48 व्या भागातही हात थोडा सरकतोच, त्यामुळे फ्रेममध्ये तो जरा पुसट उमटतो. त्या पुसटपणामुळे हालचाल आपल्याला सलग वाटते. बाहुली मात्र शटर उघडतं तेव्हा जागची ढळत नाही. प्रत्येक फ्रेम लख्ख, म्हणून एका फ्रेमवरून दुसरीवर जाताना नजर अडखळते. 1981 च्या ‘ड्रॅगनस्लेअर’मध्ये यावर उपाय निघाला: शटर उघडं असतानाच मोटरींनी बाहुली हलवायची. ड्रॅगनच्या चालीत त्यामुळे खरोखर जिवंतपणा आला.

पण जेसनचे सांगाडे तसे सफाईने हलले असते तर मला ते आवडले नसते. याच चित्रपटातला टालोस हा कांस्याचा महाकाय पुतळा हॅरीहाउझन यांनी मुद्दाम ताठर चालवला, कारण धातू कुरकुरतच वळणार. सांगाड्याला तर स्नायूच नाहीत, मग त्याची चाल लवचीक कुठून असणार?