पत्रं गेली, उत्तरांचं काय?

परका प्रांत ओळखीचा व्हावा, या ध्यासाने साने गुरुजी झपाटलेले होते. 1949च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार मांडला. त्याच सुमारास ते पुतणी सुधाला पत्रं लिहीत होते; तीच पुढे ‘सुंदर पत्रे’ झाली. धाकट्यांना लिहिताना पावसाबद्दल, फुलांबद्दल लिहावं, उपदेश आपोआप झिरपतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पत्रांची नाही, पण कॉलेजच्या पोरांना गावात नेण्याची सरकारी सोय 24 सप्टेंबर 1969ला राष्ट्रीय सेवा योजनेनं केली. मराठवाड्यात ‘एनएसएस’ म्हटलं की सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, शोषखड्डे, रात्री प्रबोधन. आठव्या दिवशी गाद्या टेम्पोत. गावातल्या शाळकरी पोरांशी जमलेली गट्टी तिथेच संपते.

पुढे एप्रिल 2015मध्ये 88वं साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं. नामदेवांचं जन्मगाव मानली जाणारी नर्सी हिंगोली जिल्ह्यातली आणि त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात, त्यामुळे महाराष्ट्र-पंजाब नात्याचा गाजावाजा साहजिकच होता. पण नर्सीच्या पोरानं घुमानच्या पोराला पत्र लिहावं, असली बारीक कामं संमेलनाच्या धामधुमीत मागे पडतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ची घोषणा झाली आणि पुढे महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लागली. पत्रंही लिहिली गेली, पण 2017ला टपाल खात्याच्या ‘ढाई आखर’ स्पर्धेत पत्र लिहायचं होतं बापूंना. डिसेंबर 2021मध्ये 75 लाख पोस्टकार्डांची मोहीम निघाली, ती पंतप्रधानांच्या नावे. हस्ताक्षर सुधारलं असेल, बक्षिसंही मिळाली. पण ज्याच्याकडून उत्तर येण्याची आशाच नाही, त्याला लिहिणं म्हणजे निबंधच. वर पत्ता टाकला एवढंच.

ओडिशाची जोडी मात्र हिंगोलीसाठी झकास होती. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तसंच ओडिशातल्या कंधमालच्या हळदीलाही. इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायची, कुकरमध्ये शिजवायची, अंगणभर वाळत घालायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश. शिजवतानाचा वास कपड्यांतून जात नाही. सातवीतल्या पोरीनं एवढं लिहिलं आणि ‘तुमच्याकडे कशी शिजवतात?’ एवढं विचारलं, की पुढच्या पत्राची सोय झाली.

हे जमवायला कॉलेजातले दादा-ताई लागतात. उडिया लिपी इथल्या पोरांना वाचता येत नाही, म्हणजे हिंदीचा पूल आला. शिवाय कळमनुरी-सेनगावच्या बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी, शाळेत मराठी. तिथल्या लेकरासाठी मराठी पत्रसुद्धा परप्रांतातच जातं. कॉलेजात पोचलेली तांड्यावरचीच ताई त्याच्या शेजारी बसली, तर ते आधी गोरमाटीत सांगेल, मग कागदावर येईल. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकाला ते सांगणारच नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या पत्राचं उत्तर शाळेत येऊन पडलं, तर तो कुठल्या कारखान्याच्या कोपीवर आहे हेही तिलाच माहीत असतं. फोनवर ती ते वाचून दाखवू शकते. आणि शिबिराच्या आठव्या दिवशी तिला टेम्पोत बसावं लागत नाही.