एकट्यानं पाहायचं शहर : नगरला विचारायचे तीन प्रश्न



एकट्यानं फिरायला चांगलं, निरनिराळ्या संस्कृतींचं आशियाई शहर कोणतं, असं विचारलं की लोक पटकन सिंगापूर म्हणतात, इस्तंबूल म्हणतात. मी म्हणतो, आधी नगरला जा. समोर बसलेल्या काहींना हसू आलं. साहजिक आहे. आपल्यासाठी नगर म्हणजे पुण्याहून संभाजीनगरला किंवा शिर्डीला जाताना चहाला थांबायचं गाव. २०२४ पासून कागदोपत्री नाव अहिल्यानगर झालं, पण माळीवाडा स्टँडवर कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो.

एकट्या प्रवाशाची अडचण काय असते? बरोबर कोणी सांगणारं नसतं. आणि त्याचा फायदा काय? तोच! सांगणारं कोणी नसल्यामुळे त्याला विचारावं लागतं. चौघांच्या घोळक्यात आपण एकमेकांशी बोलतो, एकटे असलो की गावाशी बोलतो. म्हणून आज मी तीन प्रश्न तुमच्या खिशात घालून देणार आहे. समोरची वास्तू बांधली कोणी? लोक तिला काय म्हणतात? आणि आज तिला सांभाळतं कोण? या तिन्हींची उत्तरं एकच असतील असं नाही. बहुतेक वेळा नसतातच, आणि शहर खरं कळतं ते त्या फरकातून.

उदाहरण घेऊ. पाथर्डी रस्त्यानं निघालात की दहा-बारा किलोमीटरवर डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. रिक्षावाल्याला विचारा, तो सांगेल, ‘चांदबिबीचा महाल’. मीही लहानपणापासून तेच ऐकत आलो आणि कित्येक वर्षं पाहुण्यांना तेच सांगत आलो. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. हा मुर्तझा निजामशहाचा कारभारी. शहराच्या दक्षिणेला फराहबाग नावाचा, चारी बाजूंनी तलाव असलेला जो महाल आहे, तो यानंच १५८३ मध्ये पुरा केला. चांदबिबीनं मोगलांच्या वेढ्यात किल्ला लढवला तो १५९५-९६ मध्ये, आणि तोवर सलाबतखान वारलेला होता.

मग लोक चुकले का? इतिहास म्हणून चुकले. पण गावानं त्या डोंगरावर कोणाला बसवलं ते बघा. कारभारी विसरला गेला. लढलेली बाई लक्षात राहिली. बांधणारा एक आणि नाव दुसरीचं, हे नगरच्या मनाचं चित्र आहे. तुम्ही नुसता फोटो काढून आलात तर हे हाती लागत नाही.

आता शहर घडलं कसं ते थोडक्यात. मलिक अहमदनं १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि सीना नदीच्या काठी आपली राजधानी वसवली. त्याचे वडील मलिक हसन हे जन्मानं ब्राह्मण होते आणि त्यांचं मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं होतं, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. पुढे बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात इराणमधून आलेला शाह ताहीर हा विद्वान होता. त्याच्या प्रभावानं १५३७ च्या सुमारास बुऱ्हाणनं शिया पंथ स्वीकारला. गावातला कोटला त्या काळाची आठवण आहे, आणि नगरचा मोहरम आजही पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. याच बुऱ्हाणवर औषधोपचार करणारा गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. फौजेत हबशी होते. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि १६०० मध्ये नगरचा किल्ला पडल्यावरही निजामशाही पुढे पंचवीस वर्षं त्यानंच तगवली. मराठे सरदार तर होतेच. मालोजीराजांनी शाह शरीफ पिरांना नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. तो दर्गा आजही नगरजवळच्या दर्गा दायऱ्यात आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या नावाची गोष्ट नगरच्या एका दर्ग्यापाशी जाऊन पोचते.

एवढं ऐकल्यावर कोणाला वाटेल, वा, किती गुण्यागोविंदानं नांदत होते सगळे! इथं जरा थांबायला हवं. त्या दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि इराण-मध्य आशियातून आलेले, असे दोन गट होते. १५८९ मध्ये त्यांचं वैर भडकलं आणि शहरात बाहेरून आलेल्यांची कत्तल झाली. मघाशी ज्याचं नाव घेतलं तो फिरिश्ता तेव्हा नगरच्याच चाकरीत होता. त्यानं त्याच वर्षी नगर सोडलं आणि विजापूर गाठलं. आपण आज ज्याच्या आधारानं नगरचा इतिहास सांगतो, तो माणूस स्वतः नगरमधून जीव घेऊन गेलेला आहे! आणि चांदबिबीचा जीव घेतला तो मोगलांनी नाही, किल्ल्यातल्या तिच्याच माणसांनी.

हे मुद्दाम सांगतो. अनेक जातीधर्मांचं शहर म्हणजे आपोआप शहाणं शहर नव्हे. ते रोज सांभाळावं लागतं. म्हणून आपला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : आज सांभाळतं कोण?

तो प्रश्न घेऊन किल्ल्यावर जा. हुसेन निजामशहानं दगडी तट बांधला, १८०३ मध्ये वेलस्लीनं किल्ला घेतला, आज तो लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ ठेवा आणि प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथं आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. कोणाची भाषा ओडिया, कोणाची तेलुगू, कोणाची बंगाली, गुजराती, उर्दू, मराठी. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथं लिहिलं आणि आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं. भारताचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाला बाहेर पडायची सोय नव्हती. बरोबरच्या अकरा जणांना विचारणं एवढंच त्याच्या हातात होतं. एकट्या प्रवाशानं यातून काय घ्यायचं ते वेगळं सांगायला नको.

गावात परत या. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. सिंथिया फरार या बाईंनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडे घेतलं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसार या गावानं पाहिला. तोफखान्याच्या बाजूला तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर भेटतील. आनंदऋषीजी महाराजांमुळे देशभरचे जैन इथं येतात. दौंड रस्त्यावर अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे. पुण्यात इराणी घरात जन्मलेल्या या सत्पुरुषाच्या दर्शनाला ३१ जानेवारीच्या अमरतिथीला अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इराणहून माणसं येतात. म्हणजे एकटे फिरणारे परदेशी नगरला कधीच पोचलेत. राहिलोय ते आपण!

आता थोडं व्यवहाराचं. दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी सकाळी माळीवाड्याच्या विशाल गणपतीपासून पायी निघा. कापड बाजार, दिल्लीगेट, मग सीनेच्या बाजूची बागरोजा, म्हणजे शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाची कबर. दुपारी ऊन टाळून किल्ला आणि त्याच्या पूर्वेची दमडी मशीद. मजुरांनी एकेक दमडी देऊन ती बांधली असं सांगतात. दगडावरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघा. दुसरा दिवस फराहबाग आणि सलाबतखानाच्या डोंगराला. डोंगरावर जाताना लॉजवर सांगून जा, पाणी घ्या, उजेडात खाली उतरा. बाईमाणसानं आणि बाप्यानंही.

देवळात, मशिदीत, चर्चमध्ये जाताना आत बसलेल्या माणसाला आधी विचारा, ‘येऊ का?’ चपला कुठं काढायच्या ते तोच सांगतो आणि पुढची गोष्टही तोच सांगतो. माणसांचे फोटो न विचारता काढू नका. आणि एक पथ्य पाळा. कोणाला आडनाव विचारून सुरुवात करू नका. ‘इथं किती वर्षं आहात?’ असं विचारा. आडनाव विचारलं की माणूस सावध होतो, वर्षं विचारली की खुर्ची पुढे करतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. सलाबतखानाच्या कबरीचं खरं नाव कळल्यावर मी एकदा मुद्दाम तिथं गेलो. मेंढरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘बाबा, हा चांदबिबीचा महाल नाही बरं का.’ ते म्हणाले, ‘असंल. पर तिनं गाव राखलं ना? मग वरनं बघायला तिलाच बसवायची.’

मी इतिहास सांगायला गेलो होतो आणि ऐकून आलो. तुम्हीही जा. एकटे जा. विचारा.